खालची ओळ

दिवाळीच्या आधी नागपुरात धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन-विक्री होती. माझं टेबल अगदी शेवटच्या कोपऱ्यात, एका बाजूला मुखवासाच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला हातमागाचे कुर्ते. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. एक काकू आल्या. हातात भाजीची पिशवी, तिच्यातून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बाहेर आलेली. माझी भेटकार्डं त्यांनी एकेक उचलली आणि चष्मा कपाळावर चढवून, किराण्याचं बिल तपासावं तशी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "बेटा, यात लिहून नसलेलं नाही का एखादं?" मी म्हटलं, आतून कोरंच आहे काकू, तुम्हाला हवं ते लिहा. "आतलं नाही गं, हे समोरचं." त्यांच्या हातात कूलरपुढे ऐसपैस पसरलेल्या मांजरीचं कार्ड होतं आणि खाली माझ्या अक्षरातली ओळ होती, ‘हेही दिवस जातील.’ "माझी जाऊ मेडिकलला भरती आहे. तिला आता कोणी काही सांगितलं की राग येते. पण मांजर आवडेल तिला." रिबिनी कापायला मी जवळ कात्री ठेवते, ती त्यांनी मागून घेतली. कार्ड टेबलाच्या कडेला धरलं, ओळीच्या जरा वरून सरळ कापत नेलं, कड बोटानं चाचपून पाहिली. पूर्ण पैसे दिले आणि गेल्या. कापलेली पट्टी माझ्या टेबलावरच राहिली.

पट्टीच्या मागच्या बाजूला माझं नाव छापलेलं होतं. तेही गेलं.

मला आधी रागच आला. त्यांच्या जावेचं काय दुखणं होतं ते मला ठाऊक नव्हतं, विचारायचा धीरही झाला नाही, आणि तरीही राग आला. ती ओळ लिहायला मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. अक्षरांच्या वेलांट्या मांजरीच्या शेपटीशी जुळाव्यात म्हणून ट्रेसिंग पेपरवर किती वेळा गिरवलं होतं. वर त्या कापताना इतक्या शांत होत्या, की जणू पाकिटाचं वरचं प्लास्टिक काढून टाकतायत. रात्री घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पैसे दिले ना पूर्ण? मग तिनं कार्डाचं काहीही करावं." हिशोबानं तो बरोबरच होता. पण मी जे विकते त्यात हिशोबापलीकडचंही काही आहे, असं मला वाटत आलंय, आणि नेमकं तेच त्या बाईंनी कात्रीनं वेगळं करून ठेवलं होतं.

मी काय विकते, हा प्रश्न नातेवाइकांना दर लग्नात पडतो. भेटकार्डं, बुकमार्क, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट, स्टिकर, टेबल कॅलेंडर, कापडी पिशव्या. चित्र माझं, अक्षर माझं, पॅकिंग माझं, कुरिअरच्या पावत्याही माझ्याच. चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी काही वर्षं जाहिरातींची कामं केली, मग ती सोडून हे सुरू केलं. मावशी अजून म्हणते, "म्हणजे तू स्टेशनरी विकते." मी हो म्हणते. गॅलरीत चित्रं लावणारे जुने वर्गमित्र भेटतात तेव्हा तेही थोड्याफार फरकानं तेच म्हणतात, फक्त आवाज जरा हळू असतो.

हे ओळी लिहिण्याचं खूळ कुठून आलं, याचा विचार करायला लागले तेव्हा थेट शाळेचा सुविचाराचा फळा आठवला. जिन्याजवळ तो असायचा, आणि माझं अक्षर बरं म्हणून सातवीत तो माझ्याकडे आला. शाळा भरायच्या आधी येऊन ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, तो वाळेपर्यंत रंगीत खडू पाण्यात बुडवून ठेवायचे. ओल्या खडूचा रंग वाळल्यावर गडद उठतो आणि हात लागला तरी सहज पुसला जात नाही. मग बाईंनी दिलेला सुविचार लिहायचा आणि भोवती वेलबुट्टी काढायची. प्रयत्नांती परमेश्वर, वेळ कोणासाठी थांबत नाही, असंच काहीतरी. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम जिन्यात रेंगाळायचे, कोण पाहतंय ते बघायला. सुविचार कुणीही वाचत नसे. पोरी वेलीकडे बघायच्या. एक तर रोज येऊन आज फुलाला पाकळ्या किती, ते मोजून जायची. मला त्याचं वाईट वाटायचं, कारण सुविचाराला तेव्हा मी कामाचा भाग समजत होते आणि वेलीला मजेचा.

नागपूरच्या महाल भागात आजीच्या घरी तर चित्राखाली ओळ असायचा प्रश्नच नव्हता. देवघराशेजारच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये लक्ष्मीचं एक जुनं चित्र होतं. कडेला वाळवीनं खाल्लेलं, लक्ष्मीच्या पदराचा लाल रंग उडून विटकरी झालेला. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या शिळाछापाच्या चित्रांमुळे देव फ्रेमीत बसून घरोघर आले. एकेका रंगाला एकेक दगड लागायचा आणि सगळे दगड एकावर एक नेमके जुळले तरच लक्ष्मीचे ओठ ओठांच्या जागी यायचे. आजीच्या चित्रात ते केसभर सरकले होते. त्यामुळे लक्ष्मी काहीतरी बोलायच्या बेतात आहे असं मला लहानपणी वाटायचं. घरात दिवाळी अंक यायचे, त्यांतल्या जुन्या गठ्ठ्यात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं. आजोबा वाचून झालेल्या अंकांची मुखपृष्ठं कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवायचे. (आजोबाही कात्री चालवत होते, हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचतंय. अंकाचं नाव आणि किंमत ते बेलाशक उडवायचे.) ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास आणि एक हिरवी साडी नेसलेली बाई एकदम समोर यायची. तिनं आम्हाला कधी धीर धरा म्हटलं नाही. आजी आजारी होती त्या वर्षी मात्र दिवसातून दोनदा ट्रंक उघडायला सांगायची. काढायचं काही नसायचं.

आता जरा कामाचं सांगते, कारण बाहेरून लोकांना वाटतं की खिडकीत बसून कॉफी पीत चित्रं काढते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये जलरंग करून बघा. पारा 45च्या पुढे. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टाकायला घ्यावा, तर या टोकापासून त्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून गेलेलं. मधोमध कड पडते, आणि कड पडली की ते आकाश गेलंच. मग पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाका, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर बसवा, पहाटे उठून ऊन चढायच्या आत मोठे वॉश उरकून घ्या. कूलर लावावा तर पहिल्या झोतात हलके कागद थेट स्वैपाकघरात. त्याची हवा दमट, म्हणून रंग सावकाश वाळतो, हे खरं तर माझ्या सोयीचं. पण मग 300 जीएसएमचा जाड कागदही कडांनी वळायला लागतो. शिवाय वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या की आठवडाभर माझ्या सगळ्या मालाला वाळ्याचा वास. पुण्याच्या एका बाईंनी पार्सल उघडून विचारलं होतं, तुम्ही कार्डांना अत्तर लावता का?

आणि संत्र. नागपूरची चित्रकार म्हटलं की संत्र काढावंच लागतं, त्यातून सुटका नाही. मोबाइलच्या पडद्यावर माझं संत्र पेटल्यासारखं दिसायचं, कारण पडदा स्वतःच उजेड फेकतो. छापखान्यात फक्त शाई असते. सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. पिवळीवर मॅजेंटाचे बारीक ठिपके बसवून केशरी करायचा, आणि तो कितीही केला तरी पडद्यावरच्यासारखा उजळत नाही. पहिला प्रूफ पाहून मी रडकुंडीला आले होते. छापखान्याचे भाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, पडद्यावरचं संत्र कागदावर येत नसते. पाहिजे तर पाचवा रंग घ्या, पँटोनचा. त्याच्या प्लेटचे पैसे वेगळे लागतीन." पाचव्या रंगाइतका माझा धंदा कधीच नव्हता. मग एके दिवशी बाजारातून आणलेलं संत्रच प्रूफशेजारी ठेवून नीट पाहिलं. नोव्हेंबरातलं, आंबिया बहराचं. ते केशरी नव्हतंच. पिवळं होतं, देठापाशी चक्क हिरवं. सालीवर तेलाचे बारीक खळगे, एका बाजूला फांदी घासल्याचा खाकी चरा. साल फोडींपासून सुटलेली, म्हणून हातात घेतलं की किंचित पोकळ लागणारं. पडद्यावरचं पेटलेलं संत्र मी कुठल्याशा जाहिरातीतून उचललं होतं. तेव्हापासून मी मॅजेंटा कमी केला आणि तो खाकी चरा मुद्दाम काढायला लागले. संत्र्याचं कार्ड आता बरं खपतं, आणि गंमत म्हणजे त्याच्याखाली ओळ नाही. संत्र्याखाली काय लिहिणार?

बाकी सगळीकडे मात्र ओळ लागते. विक्रीच्या वहीत ते स्पष्ट दिसतं. चित्रं एकाच तऱ्हेची असली तरी ओळ असलेलं कार्ड आधी संपतं आणि बिनओळीचं उरतं. काकू गेल्यानंतर मी टेबलामागे बसून लोक कार्ड कसं निवडतात ते पाहायला लागले, आणि मला एक गोष्ट दिसली. विकत घेणारा माणूस चित्र हातात घेतो, पण ओळ वाचून विकत घेतो. त्याच्या मैत्रिणीची नोकरी गेलेली असते, भावाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाच्या घरी पाय ठेवायला जीव होत नसतो. काय बोलावं ते त्याला सुचत नाही. माझी ओळ त्याची ती अडचण ऐंशी रुपयांत सोडवते. म्हणजे ओळ देणाऱ्यासाठी असते. कार्ड ज्याच्या हातात पडतं तो बहुतेक चित्रच पाहत असणार, आणि ओळ त्यानं चालवून घेतलेली असणार, शाळेतल्या पोरींनी सुविचार चालवून घेतला तशी. काकू तेवढ्या एकाच अशा निघाल्या, ज्यांनी देताना घेणारीचा विचार केला.

हे कळल्यावर ओळी लिहिणं सोडावं, इतकी मी थोर नाही. देणाऱ्याची अडचणही खरीच असते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर हातात काहीतरी असणं मोठी गोष्ट आहे, मीही कधी तिथे रिकाम्या हातांनी उभी राहिलेय. पण तेव्हापासून बहुतेक ओळी लिहिताना पेन अडतं. ‘तू करू शकतेस.’ काय करू शकते? कुणी सांगितलं? ‘स्वतःवर प्रेम कर.’ हे तर मी स्टिकरवर छापून विकलं आहे, आणि ते माझ्याच फ्रिजवर आहे. सकाळी दूध काढताना त्याच्याकडे बघितलं की मला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

यंदा तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला इतवारीत गेले होते. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिली होती, नंतर गर्दीचा कंटाळा. काळी आणि पिवळी मारबत निघायला लागल्या त्याला आता सव्वाशे वर्षं कधीच उलटून गेली. पाऊस पडून गेला होता, रस्त्यावर चिखल, ढोलांनी छातीत धडधड. गच्च्या, बाल्कन्या, दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा माणसं लटकलेली. पिवळी मारबत हलत डुलत आली तशी भोवतालची पोरं ओरडत होती, "ईडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मागे बडगे. बांबू आणि कागदाचे, बेढब पोटांचे, गळ्यात पाट्या. महागाईवर, रस्त्यांतल्या खड्ड्यांवर, पुढाऱ्यांवर. पाट्यांवरचं अक्षर वेडंवाकडं, शुद्धलेखनाचा पत्ता नाही, रंग पोस्टरचा, पावसानं ओघळलेला. माझ्या शेजारी एक म्हातारा पाटी वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि पाठीवर हात फिरवायला मागचा अनोळखी पोरगा धावला. मी मुकाट्यानं ते ओघळलेलं अक्षर पाहत होते. माझ्या मालापेक्षा त्या पाटीनं म्हाताऱ्याला जास्त बरं वाटलं होतं, आणि तिच्यावर तर नुसती तक्रार होती. खड्डा आहे, एवढंच म्हटलं होतं. तो जाईल असं कुणी म्हणत नव्हतं. मिरवणुकीनंतर सगळं जाळायचं, पुढच्या वर्षी खड्डे असतातच, पाटी नवी.

आता भेटकार्डावर खड्डे काढून कोण घेणार, हा धंद्याचा प्रश्न उरतोच. मी थोडं करून पाहिलं. दुपारी तीन वाजता लाइट गेलेला कूलर. तर्री पोह्यांच्या गाडीवर पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलेला माणूस. तोंडाला दुपट्टा गुंडाळून, हातमोजे घालून सिग्नलला स्कूटीवर थांबलेली मुलगी, जिचे फक्त डोळे दिसतात आणि तेही वैतागलेले. ओळ कुठेच नाही. तर्री पोहे गेले, स्कूटीवाली बऱ्यापैकी गेली, कूलर पडून आहे. मैत्रीण म्हणाली, "लाइट गेलेला कूलर पैसे देऊन कोण घरी नेईल? तो घरी असतोच ना." तिचं चूक नाही. पण एका कॉलेजच्या पोरीनं तोच घेतला. तिची रूममेट वर्षभराचा अभ्यास करून परीक्षेत राहिली होती. "हे बघून ती शिव्या देईल," ती म्हणाली, आणि खूश होऊन गेली.

ओळीच्या कार्डांचं मी मधलं काहीतरी केलं. पावतीपुस्तकाला असते तशी छिद्रांची रेघ ओळीच्या वर मारून घ्यायची, ज्याला नको त्यानं पट्टी फाडावी. छापखान्याच्या भाऊंना आधी वाटलं, मी कूपन छापतेय. समजावल्यावर ते बराच वेळ डमीकडे बघत राहिले. "मॅडम, ओळ फाडूनच टाकायची आहे, तर छापता कायले?" मी म्हटलं, कोणाला लागते, कोणाला नाही लागत. "मग दोन वेगळे छापा ना." दोन वेगळे छापले तर दोन्हींचा आकडा कमी होतो आणि कार्डामागे दर वाढतो, हे त्यांनीच मला शिकवलंय. तसं म्हटल्यावर हसले. छिद्रांच्या रेघेचे मात्र वेगळे पैसे लावले. माझं नाव आता मी मागच्या बाजूला वरती छापते.

सध्या एका कोचिंग क्लासचं काम आलंय, टेबल कॅलेंडरचं. बारा महिने, बारा चित्रं, प्रत्येकाखाली मुलांना हुरूप देणारं वाक्य, आणि कोपऱ्यात त्यांचा लोगो. पैसे चांगले आहेत. जानेवारी उजाडला की कॅलेंडर कुणी फुकटही घेत नाही, आणि हे तर आधीच विकलं गेलेलं. शिवाय आमच्या कूलरची मोटर बदलायची आहे. म्हणून हो म्हटलं. अकरा वाक्यांना मी काही बोलले नाही, हवी तशी लिहून दिली. मे महिन्याला मात्र मी गच्ची काढली. संध्याकाळी पाणी मारून थंड केलेली, गादी टाकलेली, पायाशी माठ, आणि त्यावर एक पोरगा हातपाय पसरून पडलेला. पुस्तक बाजूला, मिटलेलं. वाक्य नाही.

सरांचा फोन आला. "मॅडम, बाकी सगळं मस्त आहे, पण मे तर मेन महिना आहे. ‘नीट’ची परीक्षा असते. मेमध्ये पोरगा झोपलेला कसा चालन?" मी म्हटलं, सर, परीक्षा पहिल्याच आठवड्यात होऊन जाते, उरलेला महिना तो काय करेल? ते थोडे गडबडले. "नाही, तरी. निदान खाली एखादं टाका ना, यश तुझीच वाट पाहत आहे, असं. आईवडील पाहतात कॅलेंडर." मी म्हटलं, मग पोरगा काढून टाकते आणि यश काढते, ते कसं दिसतं तेवढं सांगा. हे मी बोलायला नको होतं बहुतेक, पण ते चिडले नाहीत. मोठ्या सरांना विचारून सांगतो म्हणाले. ऍडव्हान्स अजून आलेला नाही. जूनचं चित्र मी सुरू केलंय.